एकशेएकावी मुलगी

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. ही सवय चांगली की वाईट, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. पण या सवयीपायी मी एका आख्ख्या वसतिगृहाचं इंटरनेट दोन दिवस बंद पाडलं होतं, हे मात्र मैत्रिणींनो, आज कबूल करूनच टाकते.

धुळ्यात देवपूर भागात मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याच्या समितीवर मी गेली सहा वर्षं आहे. मुली एकशे छत्तीस. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, पलीकडून नंदुरबार, अमळनेर... सगळीकडच्या. त्या दिवशी रेक्टरताईंच्या ऑफिसात बसले होते. कोपऱ्यात भिंतीवर एक छोटा काळा डबा, त्याला आठ भोकं, पाच-सहात निळ्या वायरी खोचलेल्या. एका वायरीचं टोक मोकळंच लोंबकळत होतं. झाडू मारताना मावशींच्या पायात येत होतं. मी उठले, टोक धरलं, पुसलं आणि शेजारच्या रिकाम्या भोकात नीट खोचून दिलं. ‘टक्’ असा आवाज आला. मला बरंही वाटलं.

अर्ध्या तासात मुली खाली. “काकू, नेट गेलं!” “काकू, माझं प्रॅक्टिकलचं सबमिशन आहे हो!” “आते काय करू माय?” वायफाय बसवून देणाऱ्याला फोन लावला तर तो लग्नाच्या वरातीत. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, डबा बंद करून चालू करा. केला. पाच मिनिटं चाललं, परत ठप्प.

शेवटी जळगावच्या माझ्या भाच्याला बोलावलं. तो याच धंद्यात आहे. कॉलेजं, दवाखाने, मंगल कार्यालयं अशा ठिकाणी वायफायची जोडणी करून देतो. बसने आला, चहाही न घेता कोपऱ्यात गेला, एका वायरीवर बोट ठेवून माग काढत गेला आणि हसायला लागला.

“मावशी, या वायरीची दोन्ही टोकं याच डब्यात आहेत. कुणी केलं हे?”

मी चहा आणायला आत गेले.

झालं होतं ते असं. त्या डब्याला स्विच म्हणतात. एखादा निरोप सगळ्यांसाठी असला की तो आलेल्या वाटेखेरीज बाकी सगळ्या भोकांतून पुढे पाठवायचा, हे त्याचं काम. वायरीची दोन्ही टोकं त्याच्यातच असली की एका भोकातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत येतो, तो पुन्हा सगळ्यांना जातो, पुन्हा परत येतो. देवळातल्या घुमटात आवाज घुमावा, पण विरण्याऐवजी वाढत जावा, तसं. बघता बघता त्या घुमण्यानेच सगळ्या वायरी भरून जातात आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

यावरचा उपाय १९८५ साली शोधला तो एका बाईने, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मात्र मी चहाचा ट्रे ठेवून खाली बसले. रेडिया पर्लमन तिचं नाव. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत ती काम करत होती. जाळ्यात कुठे गोल फेरा झाला असेल तर स्विचनी आपसात बोलून तो ओळखायचा आणि एक वाट आपणहून बंद ठेवायची, अशी तिची युक्ती. त्यावर तिने एक छोटी कविताही लिहिली आहे. चांगल्या, महागड्या स्विचमध्ये ही सोय असते. आमचा डबा स्वस्तातला होता. दर कमी भरला म्हणून आम्हीच समितीत टाळ्या वाजवून तो मंजूर केला होता.

इथपर्यंतची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे. पुढची नाही.

वायर काढल्यावर नेट सुरू झालं. पण भाचा म्हणाला, “आलोच आहे तर बाकीचंही बघून घेतो.” त्याने लॅपटॉप जोडला, मुख्य राउटरचं पान उघडलं. आत शिरायला नाव ‘अॅडमिन’, पासवर्डही ‘अॅडमिन’. कारखान्यातून आला तसाच! म्हणजे वसतिगृहातली कुणीही मुलगी, किंवा बाहेरचा कुणीही, आत जाऊन काहीही बदलू शकला असता. भाच्याने कपाळाला हात लावला. मग एका ओळीशी थांबला आणि विचारलं, “मावशी, मुली किती?”

“एकशे छत्तीस.”

“आणि पत्ते शंभरच ठेवलेत.”

मला कळेना. त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपला फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर त्याला एक पत्ता देतो, म्हणजे पंगतीतलं पान म्हणा. पान मिळाल्याशिवाय वाढणारा वाढणार तरी कुठे? घरगुती राउटरमध्ये कारखान्यातूनच बरेचदा शंभर पानं मांडलेली असतात. चार माणसांच्या घराला ती रग्गड झाली. पण इथे एकशे छत्तीस फोन, शिवाय कुणाकुणाचे लॅपटॉप. वरून बसवणाऱ्याने असं ठरवून दिलेलं की एकदा दिलेलं पान चोवीस तास तिचंच. जी मुलगी रोज वसतिगृहातच असते तिचा फोन ते पान मुदत संपायच्या आत परत परत आपल्या नावावर करून घेतो. जी शनिवारी गावी गेली, तिचं पान रविवारी दुसरीला जातं. सोमवारी ती परत येते तेव्हा पंगत भरलेली. फोनवर रेंज पूर्ण दिसते, ‘कनेक्टिंग’ असं फिरत राहतं आणि पुढे काही होत नाही. शेजारच्या कॉटवरच्या मुलीचं नेट मात्र धडधडीत चालू!

हे ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

कारण पंधराच दिवसांपूर्वी आम्ही एका मुलीला घरी पाठवलं होतं.

साक्री तालुक्यातली पोर. दुसऱ्या वर्षाला. वडिलांची कोरडवाहू दोन एकर. दर शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायची, आईला निंदणी-खुरपणीला मदत करायची, सोमवारी सकाळी परत. नाव लिहीत नाही. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस नेमका सोमवारी आला. तिने रेक्टरताईंना दोनदा सांगितलं, “मॅडम, माझ्या फोनला नेटच येत नाही.” रेक्टरताई वर जाऊन बघून आल्या. रूममेट छान अर्ज भरत बसलेली. “एकाच खोलीत हिला येतं आणि तुलाच कसं येत नाही गं?” हिच्या फोनचा रोजचा डेटा दाखले अपलोड करण्याच्या खटपटीत दुपारीच संपलेला. रूममेटचा फोन मागावा तर तिचंही घोडं अडलेलं. शेवटी साडेसहाला पोरगी न सांगता आग्रा रोडच्या सायबर कॅफेवर गेली. तिथे ही रांग. परत आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. गेट सातला बंद होतं.

बाकी तुम्हाला सांगायला नको. मुलगी सव्वानऊला बाहेरून आली, एवढं एकच वाक्य वसतिगृहात फिरायला पुरतं. ‘सायबर कॅफेचं निमित्त असेल’, ‘नेट तर सगळ्यांना येतं’, ‘हिलाच बरं दर सोमवारी अडचण!’ समितीने वडिलांना पत्र पाठवलं. ‘आपली पाल्य विनापरवानगी रात्री उशिरापर्यंत बाहेर होती...’ त्या पत्रावर दुसरी सही माझी आहे.

वडील दोन दिवसांत आले. पांढरं धोतर, हातात पिशवी. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. “मन्ही पोर अशी नही शे, ताई,” एवढंच म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “घर लई जास मी तिले.” पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती. आणि अर्जाची मुदत? ती चार दिवसांनी वाढली, नेहमी वाढते तशी. पण तोवर ती घरी होती.

भाच्याला मी तक्रारवही आणून दिली. त्याने तारखा काढल्या. सहा महिन्यांत नेटबद्दलच्या सव्वीस तक्रारी, त्यातल्या एकोणीस सोमवारच्या. लिहिणाऱ्या बहुतेक मुली दर आठवड्याला गावी जाणाऱ्या. वही आमच्याच टेबलावर होती, आम्हीच दर महिन्याला तिच्यावर ‘पाहिले’ म्हणून सही करत होतो.

आपल्या वेळी हे काहीच नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. मी स्वतः वसतिगृहात राहून बी.ए. केलं. थोरल्या बहिणीच्या गुणपत्रिकेवर पुणे विद्यापीठाचं नाव आहे आणि माझ्या गुणपत्रिकेवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पोरांचा पुण्याचा हेलपाटा वाचला. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. आमच्या वसतिगृहात तेव्हा रेक्टरबाईंच्या खोलीत एकच फोन. घरून फोन आला की शिपाई अंगणातून हाक मारायचा आणि सगळ्या मुली कान देऊन ऐकायच्या. अर्ज कागदावर असायचा, रांग कॉलेजच्या खिडकीशी असायची. ती खिडकी आता मुलीच्या हातातल्या फोनमध्ये आहे. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, शिष्यवृत्ती, सगळं तिथेच. म्हणून वसतिगृहातला वायफाय चैनीचा राहिलेला नाही. पाण्याच्या टाकीसारखाच तो. टाकी एखाद्या मजल्यावर चढत नसेल तर आपण मुलीच्या चारित्र्यावर शंका घेत नाही ना?

वायफायची गोष्ट मुळात विद्यापीठांतलीच बरं का. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक वायरीशिवाय, रेडिओच्या लहरींनी जोडून दाखवले. १९९३ पासून अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या आवारात बिनवायरीचं जाळं उभारायला घेतलं. ‘वायफाय’ हे नावच मुळी १९९९ चं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झचा लहरींचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला, तेव्हापासून घराघरांत हे डबे लागायला वाट मोकळी झाली.

भाचा आमच्याकडे तीन दिवस राहिला. त्याच्यामागे वही घेऊन मी फिरत होते. पहिल्याच तासात त्याने पत्ते शंभरावरून पाचशेवर नेले आणि चोवीस तासांची मुदत चार तासांवर आणली. सव्वीस तक्रारींपैकी एकोणिसांचा निकाल दहा मिनिटांत, एक रुपयाही खर्च न होता. मला रडावं की हसावं कळेना.

मग तो फोनवर एक अॅप उघडून मजल्यामजल्यावर फिरला. आमच्याकडे सहा अॅक्सेस पॉइंट. जेवणाच्या हॉलमधला जाळीच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद! चोरीला जाऊ नये म्हणून. “लोखंडात लहर कोंडली जाते मावशी. हा इथे असून नसल्यासारखा.” वरच्या मजल्यावरचा पत्र्याच्या शेडला खेटून. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. आणि असल्या साध्या डब्यांच्या खोक्यावर चाळीस अंशांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. उन्हाळ्यात दुपारी वरच्या मुलींचं नेट का जायचं, ते असं कळलं. तो डबा खाली, आतल्या व्हरांड्यात आणला.

सर्वांत गमतीचं होतं ते चॅनलचं. सहाही डबे एकाच चॅनलवर, सहा नंबरच्या. म्हणजे एकाच खोलीत सहा शिक्षिका एकदम शिकवताहेत. एक बोलते तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा. त्याने ते असे वाटले की शेजारच्याही आणि वरखालच्याही डब्याचा नंबर सारखा येऊ नये. रांगोळीत रंग भरताना शेजारच्या दोन पाकळ्यांना एकच रंग देत नाही, तसंच. ज्या फोनना पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालतो त्यांच्यासाठी तोही सुरू केला. तो भिंतीपलीकडे फार जात नाही, पण तिथे गर्दी कमी.

आणि मग त्याने डब्यांची ताकद कमी केली. मी म्हटलं, “अरे, वाढव ना! कमी काय करतोस?” तर म्हणाला, “डबा मोठ्याने ओरडला तरी पोरींचे फोन लहानसेच. त्यांचा आवाज डब्यापर्यंत पोचला पाहिजे ना. आणि हे बघ...” मला त्याने गेटबाहेर नेलं. समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या वसतिगृहाचा वायफाय फुल्ल दिसत होता. तिथे संध्याकाळी पोरांचा अड्डा का जमतो, हे आम्हाला इतके दिवस कोडंच होतं! आम्ही पोलिसांनाही एकदा सांगून आलो होतो. पासवर्ड म्हणजे वसतिगृहाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कुणीही ओळखावा असा. ताकद कमी केली, पासवर्ड बदलला, आठवड्याभरात टपरीवरची गर्दी निम्मी झाली. चहावाला मात्र माझ्यावर अजून नाराज आहे.

एक सेटिंग त्याने न विचारताच केलं, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एकाच वायफायवरच्या फोनना एकमेकांत डोकावता येऊ नये असं. तुमच्या ओळखीत कुठे मुलींचं वसतिगृह असेल तर हे एवढं विचाराच. आणि प्रत्येक मुलीला तिचा स्वतःचा लॉगिन दिला. परगावच्या मोठ्या विद्यापीठांत हे आणखी पुढे गेलंय म्हणे. ‘एड्युरोम’ नावाची युरोपातून सुरू झालेली सोय आहे, भारतात ती ‘अर्नेट’ ही संस्था बघते. एका विद्यापीठाचा लॉगिन दुसऱ्या सहभागी विद्यापीठातही चालतो. आमची मजल अजून तिथवर नाही.

समितीच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “हे सगळं ठीक, पण मुली काय बघतात ते आपल्याला दिसलं पाहिजे. आणि रात्री दहाला बंद करा.” भाच्याने शांतपणे सांगितलं की कोण, किती वाजता जोडलं गेलं आणि किती डेटा वापरला याची नोंद राहते आणि ती राहायलाच हवी. पण मुलगी मैत्रिणीला काय लिहिते ते आपल्याला दिसत नाही, आणि दिसूही नये.

मीही त्या दिवशी वाचून गेले होते. केरळात कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मुलींनी मोबाइल जमा करायचे, असा नियम होता. एका मुलीने नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तीही स्त्रीच, न्या. पी. व्ही. आशा. हे सांगितल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “ते केरळात.” मी म्हटलं, “काका, राज्यघटना एकच आहे.” एवढं बोलायलाही मला सहा वर्षं लागली.

वायफाय रात्रभर चालू राहिला. मात्र प्रत्येकीला वेगाची मर्यादा घातली, नाहीतर शंभर एमबीपीएसची लाइन दहा जणींच्या रील्सच खाऊन टाकतात. यावर मुलींनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. चालायचंच. पंधराशे रुपये जास्त देऊन नवा स्विचही घेतला, पर्लमनबाईंची युक्ती असलेला. त्याच्यासमोर भाच्याने कागद चिकटवलाय, ‘मावशीने हात लावू नये’.

राहिलं त्या मुलीचं. दुसरं पत्र लिहायचं ठरलं तेव्हा रेक्टरताई म्हणाल्या, “पत्र नको, आपण जाऊ.” त्यांनाही ते लागलं होतं, हे मला तोवर समजलं नव्हतं. रविवारी आम्ही दोघी साक्रीपर्यंत एसटीने आणि पुढे काळी-पिवळीने गेलो. घराच्या ओट्यावर आई मिरच्या वाळत घालत होती. वडील शेतातून आले. मी तक्रारवही बरोबर नेली होती, पानं उलटून सोमवार दाखवले. शंभर पानांची पंगत सांगितली. ते ऐकत होते, पण कळत होतं की नाही, सांगता येत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, “भाऊ, तुमची पोर खरं बोलत होती. चूक आमची होती. पत्रावर सही माझी आहे.”

ते काहीच बोलले नाहीत. आईनेच विचारलं, “मंग गावमां हाई कोण सांगी?” कारण पत्र आलं, पोर परत आली, ते सगळ्या गावाने बघितलेलं.

मग आम्ही चौघं मारुतीच्या पारावर गेलो. तिथे पाच-सात माणसं बसली होती. मी उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं, सहीसकट. भाषणं मी बरीच केली आहेत, हळदी-कुंकवाला, महिला दिनाला. असे पाय कधी लटपटले नव्हते.

दिवाळीनंतर ती आली. त्या वर्षीचे शिष्यवृत्तीचे पैसे गेले ते गेलेच. वाढलेली मुदतही तोवर उलटली होती. समितीने तिची खोलीची फी माफ केली, एवढंच आमच्या हातात होतं. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. पण मागच्या महिन्यात भाचा आला होता, तेव्हा त्याच्यामागे शिडी धरून तीच उभी होती. कुठला डबा कुठल्या चॅनलवर, ते त्याच्याआधी सांगत होती. तक्रारवही आता तिच्याकडे असते. वार लिहायचा वेगळा रकाना तिने त्यात आखून घेतला आहे.